पाटी आणि फळा

पत्र

ताई, नमस्कार.

वय ४१. पुण्यात एका छोट्या कंपनीत आहे. हाउसिंग सोसायट्यांची मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी हे सगळं सांभाळणारं आमचं सॉफ्टवेअर आहे. चौदा वर्षं पीएचपी या भाषेत प्रोग्रामिंग केलं, त्यातली शेवटची आठ लारावेल या तिच्या तयार चौकटीत. काम समोर आलं की हात आपोआप चालायचे. चार महिन्यांपूर्वी सरांनी ठरवलं, यापुढे नवीन सगळं जावास्क्रिप्ट या भाषेत, ती सर्व्हरवर चालवणाऱ्या नोडवर. तेव्हापासून मी परत ट्रेनी झालोय. अर्ध्या तासाच्या कामाला दोन दिवस जातात. ५०० आणि ५० ची बेरीज ५००५० येते. टीममधला चोवीस वर्षांचा मुलगा माझ्या कोडवर 'सर, अवेट राहिलं' असा शेरा मारतो, आणि तो बरोबर असतो हे जास्त झोंबतं. गेल्या आठवड्यात तर एका बाईंनी लॉगिन केलं आणि पानाच्या वर दुसऱ्याच सभासदाचं नाव दिसलं. माझ्या लॅपटॉपवर शंभरदा करून पाहिलं, एकदाही तसं होईना. घरी चिडचिड वाढलीये असं बायको म्हणते. ही भाषाच भंगार आहे, की माझं वय झालं? सरळ पीएचपीची दुसरी नोकरी बघू का?

– एक वैतागलेला सिनियर

उत्तर

वयाचं आणि नोकरीचं मागाहून बोलू. आधी त्या बाईंच्या नावाचं बघा, आजच्या आज. तुमच्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टी डोकेदुखीच्या आहेत, ही एक धोक्याची आहे. आज नाव दिसलं, उद्या दुसऱ्याची थकबाकी दिसेल, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्याचं काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको.

कोड मी पाहिलेला नाही, पण पैज लावायला तयार आहे. कुठल्यातरी फाइलच्या माथ्यावर, सगळ्या फंक्शनांच्या बाहेर, 'चालू सभासद' अशा अर्थाचं एक व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायचा डबा, तुम्ही करून ठेवलंय. लॉगिन तपासलं की त्यात सभासद भरायचा, मग डेटाबेसमधून बिलं आणायची, मग पान तयार करताना त्यातून नाव काढायचं. पीएचपीत हे बिनबोभाट चाललं, कारण पीएचपी ही शाळेतली पाटी आहे. रिक्वेस्ट, म्हणजे कुणाच्या ब्राउझरकडून पानाची मागणी, आली की कोरी पाटी हातात. गणित सोडवलं, उत्तर दिलं, पाटी पुसली. शेजारच्याची पाटी वेगळी. तुम्ही तुमच्या पाटीवर वाटेल ते खरडा, दुसऱ्याला ते दिसण्याचा प्रश्नच नाही.

नोड हा वर्गातला फळा आहे. सर्व्हर सुरू झाला की एकच प्रोसेस, म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, तीच दिवसभर, तीच आठवडाभर, आणि येणारी प्रत्येक रिक्वेस्ट त्याच फळ्यासमोर उभी. फाइलच्या माथ्यावरचं व्हेरिएबल म्हणजे फळ्यावर लिहिलेलं नाव. १०२ मधल्या बाई आल्या, फळ्यावर त्यांचं नाव पडलं, आणि प्रोसेसने डेटाबेसकडे त्यांची बिलं मागितली. उत्तर येईपर्यंत ती हातावर हात ठेवून बसत नाही, पुढची रिक्वेस्ट घेते. तेवढ्यात ३०१ मधले काका आले, बाईंचं नाव पुसलं गेलं, काकांचं लिहिलं गेलं. मग बाईंची बिलं आली, पान तयार झालं, नाव फळ्यावरून उचललं. बिलं बाईंची, नाव काकांचं.

लॅपटॉपवर हे होत नाही कारण तिथे तुम्ही एकटेच आहात. डेटाबेसही मांडीवरच, उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत. दोन माणसं नेमकी त्या फटीत सापडावी लागतात. मुद्दाम पकडायचं असेल तर डेटाबेसच्या कॉलनंतर पाच सेकंदांचा टायमर टाका, दोन वेगळ्या ब्राउझरांत दोन सभासद म्हणून लॉगिन करा आणि एकापाठोपाठ एक पान उघडा. पहिल्याच झटक्यात दिसेल.

जे एका रिक्वेस्टचं आहे ते तिच्याबरोबरच फिरलं पाहिजे: रिक्वेस्टच्या ऑब्जेक्टवर टांगा, नाहीतर फंक्शनच्या हातात द्या. माथ्यावर राहायचा हक्क फक्त सगळ्यांना सारखं असलेल्या गोष्टींना, म्हणजे डेटाबेसशी जोडण्यांचा सामायिक साठा (कनेक्शन पूल), सेटिंग्ज वगैरे. आज प्रत्येक फाइल उघडून फंक्शनांबाहेर 'लेट' लिहून केलेली व्हेरिएबल्स शोधा. एकदाच तयार करून सगळीकडे वापरलेले क्लासही बघा, त्यांच्या पोटात हीच भानगड लपते. 'कॉन्स्ट' (न बदलणारं) दिसला म्हणूनही निर्धास्त होऊ नका, त्याच्या आतली यादी खुशाल बदलता येते. आणि सरांना स्वतः जाऊन सांगा: काय झालं, का झालं, कधी दुरुस्त होतंय. दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं.

आता माझी गंमत ऐका. मी व्हिज्युअल बेसिक ६ मधून आलेली. औषधांच्या होलसेल दुकानांसाठी बिलिंगचे प्रोग्राम करायचे. तिथे फॉर्म उघडला की त्यातली व्हेरिएबल्स फॉर्म बंद करेपर्यंत जिवंत. २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या आवृत्तीचा नेहमीचा सपोर्ट थांबवला आणि आमच्या ऑफिसात सगळे वेबकडे पळाले. मला पीएचपी मिळालं. पहिल्या पानावर ऑर्डरमध्ये सहा औषधं घातली, दुसऱ्या पानावर गेले, ऑर्डर रिकामी. परत घातली, परत रिकामी. तीन दिवस मी त्या भाषेच्या नावाने बोटं मोडली. शेवटी एका सहकाऱ्याने सेशन, म्हणजे एका पानावरची माहिती पुढच्या पानासाठी जपून ठेवायची सोय, दाखवलं, तर मी म्हणाले, 'म्हणजे दर पानाला हिला नव्याने ओळख करून द्यायची? ही काय भाषा झाली? हिला तर काहीच आठवत नाही!' मला जी विसरायची खोड वाटली, तिच्याच भरवशावर तुम्ही चौदा वर्षं निवांत झोपलात. आज तुमची तक्रार नेमकी उलटी आहे, की हिला नको तेही आठवतं.

म्हणून सांगते, तुम्ही लूपला अडलेले नाही, फंक्शनला नाही, डेटाबेसला प्रश्न विचारायच्या एसक्यूएलला तर नाहीच. तुम्ही अडताय अशा तीन-चार जागी, जिथे पीएचपी तुमच्यासाठी काहीतरी मुकाट्याने करत होतं आणि ते कुणी करतंय हे तुम्हाला कधी कळायची वेळच आली नाही. पाटी पुसणं ही पहिली जागा.

दुसरी जागा त्या मुलाच्या शेऱ्यातली. सहकारी बँकेत पूर्वी चेक दिला की पितळी टोकन मिळायचं, आठवतं का? टोकन घेऊन बाकावर बसायचं, नंबर पुकारला की पैसे. पीएचपीत टोकनच नाही. कॅशियरसमोर उभं राहायचं आणि नोटा हातात पडल्यावरच हलायचं. डेटाबेसला विचारलंत की पुढच्या ओळीवर उत्तर तयार. नोडमध्ये विचारलंत की आधी टोकन मिळतं, त्याचं नाव प्रॉमिस. 'अवेट' लिहिणं म्हणजे नंबर पुकारेपर्यंत बाकावर बसणं. ते राहिलं तर तुम्ही पितळी टोकन खिशात घालून किराणा दुकानात पोचता आणि दुकानदाराला म्हणता, हे घ्या पाचशे रुपये.

कधी कधी दुकानदार ओरडतो, तेव्हा तुमचं नशीब चांगलं. बिलावर सभासदाच्या नावाच्या जागी चौकटी कंसात 'ऑब्जेक्ट प्रॉमिस' छापून येतं आणि चूक लगेच कळते. पण 'याने बिल भरलंय का' असं विचारणाऱ्या फंक्शनपुढे अवेट राहिलं आणि ते थेट 'इफ'मध्ये घातलं, तर दुकानदार टोकनलाच नोट समजतो. टोकन आहे ना, म्हणजे 'हो'. सगळी सोसायटी एका रात्रीत थकबाकीमुक्त! एरर नाही, काही नाही. 'याला अ‍ॅडमिनचा अधिकार आहे का' या प्रश्नाच्या बाबतीत हेच झालं तर काय होईल, ते तुम्हीच ठरवा.

ही चूक डोळ्यांनी पकडायच्या भानगडीत पडू नका. माझीही सुटते. टाइपस्क्रिप्ट (प्रकार तपासणारी जावास्क्रिप्ट) घ्या आणि त्याबरोबर ईएसलिंट हा चुका शोधणारा तपासनीस, टाइपस्क्रिप्टसाठीच्या जोडणीसकट. त्यात 'नो फ्लोटिंग प्रॉमिसेस' आणि 'नो मिसयूज्ड प्रॉमिसेस' असे दोन नियम मिळतात. पहिला वाऱ्यावर सोडलेलं टोकन पकडतो, दुसरा 'इफ'मध्ये घुसवलेलं. कोड त्या मुलापर्यंत जायच्या आधीच एडिटरमध्ये लाल रेघ येते. माणसाने दाखवलेली चूक झोंबते, रेघेचं कुणाला काही वाटत नाही. शिवाय नोडच्या १५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, असं वाऱ्यावरचं टोकन अपयशी ठरलं आणि ते कुणी झेललं नाही तर अख्खी प्रोसेस कोसळते. पीएचपीत एकाला पांढरं पान दिसायचं, इथे सगळ्यांचं दुकान बंद.

यावरून आठवलं. लारावेलमध्ये तुम्ही अडलात की 'डीडी' टाकत असाल, त्याआधी 'व्हार डंप' आणि खाली 'डाय', म्हणजे व्हेरिएबल छापायचं आणि तिथेच थांबायचं. आपल्या सगळ्यांचं आयुष्य त्यावर गेलंय. तीच सवय म्हणून नोडमध्ये 'प्रोसेस एक्झिट' लिहू नका. 'डाय'ने तुमची एक पाटी फुटायची. प्रोसेस एक्झिटने फळाच खाली येतो, आणि त्या वेळी पावती काढणारे सगळे सभासद अधांतरी. मी हे टेस्ट सर्व्हरवर केलंय, साहेब डेमो देत असताना. त्यापेक्षा नोड 'इन्स्पेक्ट' लावून सुरू करा, क्रोमचं डेव्हटूल्स त्याला जोडा आणि हव्या त्या ओळीवर थांबून व्हेरिएबल्स बघा. माझं मत विचाराल तर नव्या भाषेत पहिला आठवडा सिंटॅक्सवर घालवूच नये, डीबगर शिकावा. ज्याला बघता येतं त्याला बाकीचं आपोआप कळतं.

तिसरी जागा जरा आतली आहे, आणि अजून ती तुम्हाला चावली नसेल तर चावेल. पीएचपीत अ‍ॅरे (म्हणजे यादी) फंक्शनला दिला की झेरॉक्स जाते. फंक्शनने आत काहीही उलटापालट केली तरी मूळ कागद जसाच्या तसा. जावास्क्रिप्टमध्ये मूळ कागदच जातो. समजा सभासदांची यादी तुम्ही फ्लॅटच्या क्रमाने ठेवलीये आणि ती थकबाकीच्या स्मरणपत्राच्या फंक्शनला दिली. ते फंक्शन सर्वांत जास्त थकबाकीवाला वर यावा म्हणून यादीला 'सॉर्ट' करतं. तुम्ही परत येता तर तुमची मूळ यादीच त्या क्रमाने लागलेली, आणि पुढे छापलेल्या बिलांचा गठ्ठा वॉचमनला वाटताच येत नाही. आधी प्रत काढा आणि मग लावा, किंवा नव्या आवृत्त्यांतलं 'टू-सॉर्टेड' वापरा, ते मूळ यादीला हात लावत नाही. आणि 'सॉर्ट'ला तुलना कशी करायची ते सांगा. नाहीतर तो आकड्यांनाही अक्षरं समजून लावतो: १, १०, २.

फ्लॅटचे नंबर 'की', म्हणजे नोंद शोधायची खूण, म्हणून वापरत असाल तर आणखी एक. पीएचपीचा अ‍ॅरे ज्या क्रमाने भरला त्याच क्रमाने बाहेर येतो. जावास्क्रिप्टच्या ऑब्जेक्टला आकड्यांसारख्या 'की' दिल्या तर तो स्वतःच त्या चढत्या क्रमाने लावतो. तुम्ही ३०१ आधी घातला होता याचं त्याला सोयरसुतक नाही. क्रम महत्त्वाचा असेल तिथे 'मॅप' हा क्रम राखणारा प्रकार घ्या.

तुमचे ५००५० आता सोपे वाटतील. पीएचपीत जोडायला टिंब आणि बेरजेला अधिक, दोन खुणा वेगळ्या. त्यामुळे फॉर्ममधून ५०० हा मजकूर म्हणून आला तरी अधिक दिसल्यावर पीएचपी त्याचा आकडा करून घ्यायचं. जावास्क्रिप्टमध्ये दोन्ही कामांना एकच अधिक. एका बाजूला मजकूर दिसला की ती जोडून मोकळी होते. फॉर्ममधून आलेली रक्कम दारातच आकड्यात बदला, आत आल्यावर नाही. तसंच रिकाम्या यादीचं. पीएचपीत रिकामा अ‍ॅरे 'इफ'मध्ये खोटा ठरतो, इथे खरा. थकबाकी नसलेल्यांना नोटिसा जायला नको असतील तर यादीची लांबी विचारा. अशा बारीकसारीक गोष्टी पाठ करायच्या नसतात, दोनदा ठेच लागली की पाय आपोआप उचलला जातो.

भाषा भंगार आहे का? दोघींनी एकमेकींना हसावं अशी परिस्थिती नाही. दोघींचं जन्मवर्ष एकच, १९९५. ब्रेंडन आइकने नेटस्केपमध्ये जावास्क्रिप्टचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला. रासमुस लेर्डॉर्फने स्वतःच्या होमपेजसाठी केलेली हत्यारं लोकांना खुली केली, त्यांची पुढे पीएचपी झाली. एक घाईत जन्मली, दुसरी भाषा व्हायचं ठरवून जन्मलीच नव्हती. तुमच्या पीएचपीत 'इन-अ‍ॅरे'ला आधी सुई (जे शोधायचं ते) द्यायची मग गवत (ज्यात शोधायचं ते), आणि 'स्ट्रपॉस'ला आधी गवत मग सुई. कधी खटकलं शेवटचं? २०२० साली आठवी आवृत्ती येईपर्यंत शून्य आणि 'एबीसी' हे पीएचपीच्या मते सारखे होते. तुम्ही त्याच्याशी संसार केलात, कारण खोड्या माहीत होत्या. जावास्क्रिप्टवर माझा स्वतःचा राग आहे तो भाषेपेक्षा पॅकेजेसवर, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या गाठोड्यांवर. एवढ्याशा कामासाठी पॅकेज, आणि त्याच्या मागून पन्नास. २०१६ मध्ये मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणारं अकरा ओळींचं 'लेफ्ट-पॅड' त्याच्या कर्त्याने काढून घेतलं, तर जगभरातले बिल्ड, म्हणजे प्रोग्राम तयार करायची कामं, अडले. पण तो राग वेगळा, त्याने तुमचे दोन दिवस जात नाहीत.

वयाचं म्हणाल, तर वयाने तुमचं एक नुकसान केलंय, आणि ते तुम्ही समजताय ते नाही. पीएचपीत काही बिघडलं की कुठे बघायचं ते तुम्हाला न बघता कळत होतं. चौदा वर्षांचं ते नाक आज बंद आहे, म्हणून घुसमटतंय. चोवीस वर्षांच्या मुलाला ते नाक कधी नव्हतंच, त्यामुळे त्याला काही गमावल्यासारखं वाटत नाही. तो हुशार असेलही, पण ना-भोगवटा शुल्क (फ्लॅट भाड्याने दिल्यावर सोसायटी घेते ते) सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही हे त्याला कुणी सांगितलंय? थकबाकीवर सरळव्याज लावायचं, चक्रवाढ नाही, हे? मार्चअखेर एका सोसायटीने मागच्या तारखेच्या चाळीस पावत्या एकदम मागितल्या की काय करायचं, हे? ते तुमच्या डोक्यात आहे आणि कुठल्याही भाषेत लिहिता येतं. त्याला रोज चहाच्या वेळी वीस मिनिटं मागा. लेखी शेऱ्याला लेखी उत्तर देत बसू नका, शेजारी खुर्ची ओढा आणि म्हणा, 'इथे अवेट का, ते दाखव.' बदल्यात त्याच्या एसक्यूएलकडे बघा. बिलांच्या टेबलावर इंडेक्स, म्हणजे शोध जलद करणारी सूची, नसणार, ही माझी दुसरी पैज.

नोकरीचं सांगते. पीएचपी कुठे पळून जात नाहीये. जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक वेबसाइट एकट्या वर्डप्रेसवर चालतात, आणि वर्डप्रेस पीएचपीतच आहे. तुम्हाला पीएचपी मनापासून आवडतं म्हणून गेलात तर मी थांबवणार नाही, त्यात कमीपणा काहीच नाही. पण आत्ता, या आठवड्यात, त्या बाईंच्या नावाचा घोळ तसाच ठेवून रेझ्युमे पाठवू नका. मुलाखतीत 'का सोडताय' विचारल्यावर तुमचा चेहराच उत्तर देईल. अजून तीन महिने द्या, आणि तोवर सरांना कामाचे अंदाज दुप्पट सांगा, न लाजता. पीएचपीच्या वेगाने नोडचे अंदाज द्यायचे आणि रात्री जागून ते पुरे करायचे, हीच त्या घरच्या चिडचिडीची मुळी असावी असा मला दाट संशय आहे. बायकोला एकदा टोकनची गोष्ट सांगून बघा. तिला ती तुमच्याआधी कळेल.

आणि हो, पुढच्या महिन्याची बिलं सोडण्यापूर्वी एक बिल छापून त्यावरचा महिना वाचा. जावास्क्रिप्टची तारीख जावाच्या पहिल्या आवृत्तीवरून जशीच्या तशी उचललेली आहे, तिच्यात जानेवारीचा आकडा शून्य. ४ दिलात तर मे येतो. तारखेचा दिवस मात्र एकपासूनच सुरू होतो, का ते मला विचारू नका.